चुकून खात्यात आलेले पैसे खर्चणं: चोरी, अपहार की उचल?

रानजाई: बँकेच्या ग्राहकांसाठीचं एक पत्रक मराठीत करतेय. बँकेच्या चुकीने जमा झालेली रक्कम खर्च केली तर काय होतं, असा भाग आहे. मी 'अपहार' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'चोरी' केलं, का तर लोकांना कळतं म्हणून. मला नाही पटत. पैसे आपणहून आलेत, कोणाच्या खिशातून काढलेले नाहीत. काय ठेवू?

जुना कारकून: चोरी नाहीच. जुन्या दंड संहितेच्या कलम ३७८ मधे वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून त्याच्या संमतीविना हलवावी लागते. इथे लागतो तो ४०३, आता न्याय संहितेत ३१४, अपहाराचा. वस्तू हातात आली तेव्हा तुमच्या मनात काही नसतं, पण ती आपली नाही हे कळल्यावरही बेइमानीने वापरली की तिथून गुन्हा. नव्या कायद्यात ६ महिने ते २ वर्षं कैद आणि वर दंड, त्यामुळे शब्द सोपा करायच्या नादात चुकीचं कलम डोक्यात जायला नको.

मोरपीस: पण अपहार म्हटलं की संस्थेचा खजिनदार डोळ्यापुढे येतो, साधा खातेदार नाही! त्यापेक्षा अफरातफर घ्या. मूळ अरबी इफरात-तफरीत, म्हणजे जास्ती आणि कमी. हिंदीत त्याचा अर्थ 'गोंधळ' झाला, आपल्याकडे 'पैशाचा घोटाळा'. इथे नेमकी जास्तीचीच भानगड आहे.

धातुपाठ: घरचा शब्द असताना अरबी कशाला? अपहार म्हणजे अप अधिक हृ, दूर नेणे. स्वच्छ शब्द आहे.

मोरपीस: दूर नेलं कोणी? बँकेनेच आणून ठेवलं ना.

धातुपाठ: खर्च केलं म्हणजे नेलंच की. आणि अफरातफरीत हिशेब फिरवणं येतं, या माणसाने कुठलीही वही फिरवलेली नाही.

सांजवेळ: सगळीकडे गुन्हाच ठरतो असंही नाही हं. ऑस्ट्रेलियात एका खातेदाराला बँक चुकीने ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात नसलेले पैसे, देत राहिली, त्याने बिनधास्त काढले, तरी २०१६ मधे न्यू साउथ वेल्सच्या अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली, कारण त्याने फसवलं नव्हतं. देणं मात्र राहिलंच. अशाला आपला 'उचल' शब्द चपखल बसतो.

धातुपाठ: ओव्हरड्राफ्टला अधिकर्ष म्हणतात.

सांजवेळ: कोण म्हणतं? काउंटरवर एकदा तरी ऐकलंय का कोणी?

जुना कारकून: उचल म्हणजे मागून घेतलेली. चुकून आलेल्याला उचल म्हटलं तर माणसाला वाटेल सवडीने फेडू. आणि गुन्हा सिद्ध झाला नाही तरी १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ आहेच, चुकीने मिळालेलं परत करायचं, तिथे मनात काय होतं ते बघतच नाहीत.

रानजाई: म्हणजे दोन वेगळी वाक्यं लागतील, एक परतफेडीचं, एक गुन्ह्याचं. दुसऱ्यात नुसतं 'अपहार' चालेल की 'जाणूनबुजून' जोडू?

मोरपीस: धातुपाठ, अरबी नको तर मग 'जमा' पण सोडा. तोही तिकडचाच.

धातुपाठ: जमा रुळलाय.

मोरपीस: आणि अफरातफर काय काल आली?