आजोबांच्या कौलारू घराची अभ्यासिका करायची आहे, ओलीचं काय करू?

ओटी_पडवी
नमस्कार मंडळी. बेलापूर पट्टीतल्या गावठाणात आमचं जुनं घर आहे. ओटी, माजघर, मागे पडवी. दगडी जोतं, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, सागवानी वासे. सहा वर्षं कुलूप आहे. बिल्डरला न देता आळीतल्या पोरांना अभ्यासिका आणि दुपारी बचत गटाच्या बायकांना बसायला जागा करायची, असं आम्हा भावंडांचं ठरलंय. पण भिंती कमरेपर्यंत ओल्या. वीसेक वर्षांपूर्वी बाबांनी सिमेंटचा गिलावा करून घेतला, तेव्हापासून ओल वाढतच गेली. एक कंत्राटदार म्हणतो कौलं काढा, पत्रा टाका, भिंतींना वॉटरप्रूफिंग मारा. दुसरा म्हणतो पाडून स्लॅबच घाला. बजेट बेताचं आहे.

खाडीकाठ
पत्र्याखाली जुलैत अभ्यास? शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येणार नाही. आणि मे महिन्यात तवा. मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, ते सुख पत्र्यात नाही. स्लॅबचं म्हणाल तर खाडीची हवा सळया खाते. आमच्या स्लॅबचे पोपडे पंधरा वर्षांत पडायला लागले.

चुन्याची_घाणी
(जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो.) आधी एक सांगा, ओटीला पायऱ्या किती?

ओटी_पडवी
पूर्वी तीन होत्या, आता एक. दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवं काँक्रीट चढवतात.

चुन्याची_घाणी
मग निम्मं उत्तर तिथंच आहे. रस्ता वर आला, जोतं गाडलं गेलं, पावसाचं पाणी पायाशी थांबतं आणि भिंत ते वर ओढते. चुन्याची भिंत ही ओल बाहेर सोडून देते. सिमेंटच्या गिलाव्याने ती वाट बुजवली, म्हणून पाणी आणखी वर चढलं. वॉटरप्रूफिंग मारलंत तर उरलेली वाटही बंद.

पहिला खर्च चराचा करा. रस्त्याच्या बाजूने उतार देऊन पाणी गटारापर्यंत न्या. मग सिमेंट खरवडून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा. घाई करू नका, लोक इथेच चुकतात. त्यानंतर चुन्याचा गिलावा, पण पावसाळ्यात नको. विरवलेला चुना महिनाभर तरी पाण्यात मुरलेला हवा. गूळ-हिरडा घालणारे कारागीर अजून आहेत, पण नुसता नीट मुरलेला चुना आणि चांगली रेतीही चालते.

वाशांची भिंतीत शिरलेली टोकं स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, कुजणं तिथूनच सुरू होतं. रोज पोरं बसणार आहेत, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट आणि महापालिकेची परवानगी दोन्ही आधी.

येऊरची_सून
आतल्या आडभिंतीला विटा कशाला? आमच्या सासरी कारवीचा कूड, म्हणजे कारवी या रानझुडपाच्या काठ्यांची भिंत, वर शेणमाती. दरवर्षी हात फिरवावा लागतो, तेवढं मात्र खरं. पण कारवी जंगलातून आणू नका, नॅशनल पार्कात तोड बंद आहे. बांबूच्या कामट्या घ्या. पावसाळ्यानंतर तोडलेला बांबू, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवलेला. नाहीतर भुंगा दोन वर्षांत भुगा करतो.

सेक्टर८
ओटीला ग्रिल लावून खोली करू नका, एवढीच विनंती. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीत एक चक्कर मारा. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात सात-सात घरं एकेका छोट्या अंगणाभोवती मांडली. आता कित्येकांनी मूळ घर पाडून वर मजले चढवलेत, पण अंगणात पोरं आजही खेळतात. तुमच्या घरी ते काम ओटी करेल.

ओटी_पडवी
काल गिलाव्याचा एक तुकडा काढला. मागे वीट चक्क ओली लागली हाताला. चर खणायचा तर शेजारच्या काकांची कंपाउंडची भिंत आड येते, त्यांच्याशी रविवारी बोलतो. काका तसे चहाला नाही म्हणत नाहीत. घर शाकारणारं कुणी ठाणे-बेलापूर पट्ट्यात असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमचा नेहमीचा माणूस आता शिडी चढत नाही.