मदत हवी आहे : चर्चमध्ये आलेले तात्पुरते पाळकच कायम ठेवायचे आहेत, काय करू?

गुरुवारपेठकर
सलाम मंडळी. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.
आमचे पाळक जूनमध्ये निवृत्त झाले. आता जे तात्पुरते आलेत ते सगळ्यांना आवडतात. माझा धाकटा रविवारी स्वतःहून बूट घालून दारात उभा राहतो, यात सगळं आलं. मी शोध समितीत आहे (हौसेने नाही. डोनट आणायला उठले, परत येईपर्यंत नाव लागलं होतं). समितीचं म्हणणं, ह्यांचा विचारच करायचा नाही, बाहेरून माणूस शोधायचा. त्याला वर्ष-दीड वर्ष. आणि ते 'प्रोफाईल' (उमेदवारांना द्यायची चर्चची माहिती) लिहायचं माझ्या गळ्यात.
प्रश्न एकच : सह्या गोळा करून बिशपना निवेदन दिलं तर काम होईल का? कोणाकडे नमुना असेल तर टाका. गुरुवारी मीटिंग आहे.

आंबेमोहोर
कुठलं चर्च? कुठला देश? कॅथलिक असाल तर बिशपच नेमतात, तुमची समिती कशाला?

गुरुवारपेठकर
अमेरिका, न्यू जर्सी. एपिस्कोपल. म्हणजे अँग्लिकनच, आपलं पुण्याचं पंचहौद चर्च होतं तसं. हे लिहिलं नाही का मी? असो. निवेदनाचं सांगा.

एच१बी_त्रस्त
ताई, पाळकांना कायम ठेवायचं तर आर-१ व्हिसा बघा. धार्मिक कामासाठी असतो, आधी ३० महिने मिळतात, एकूण ५ वर्षं. चर्चनेच अर्ज करायचा. वकील हवा असेल तर व्यनि करा.

गुरुवारपेठकर
अहो, ते ओहायोचे आहेत. जन्माने.

नगरी_नग
सलाम ताई. आमच्याकडे सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) हा घोळच नाही. डायसिसचं, म्हणजे बिशपच्या कचेरीचं, पत्र आलं की पाळकसाहेबांचं सामान टेम्पोत. एकदा आम्ही बदली थांबवायला सह्या घेऊन गेलो होतो, पार वस्तीवरच्या म्हाताऱ्यांचे अंगठेसुद्धा घेतले. बिशपसाहेबांनी चहा पाजला, प्रार्थना केली आणि बदली केली. निवेदनाचा नाद सोडा.

वॉर्डनकाका
मी व्हर्जिनियात एका एपिस्कोपल चर्चचा दोनदा सीनियर वॉर्डन (मंडळीतला मुख्य पदाधिकारी) होतो. निवेदनाचं नंतर बोलू. आधी हे सांगा :
चर्च स्वतःच्या खर्चावर चालतं की डायसिस पैसे देतं?
आधीचे रेक्टर (कायमचे पाळक) किती वर्षं होते?
तात्पुरत्यांच्या करारपत्रात काय लिहिलंय?

गुरुवारपेठकर
खर्च आमचा आम्हीच करतो. आधीचे २२ वर्षं होते. त्याचा काय संबंध? करारपत्र मी पाहिलेलं नाही, ते वॉर्डनबाईंकडे असेल.

वॉर्डनकाका
२२ वर्षं हेच तर मुख्य, आणि तेच तुम्ही सांगितलं नाहीत.
खर्च तुमचा म्हणजे तुम्ही 'पॅरिश'. मिशन (डायसिसच्या पैशावर चालणारं चर्च) असतं तर बिशपनी थेट व्हिकर, म्हणजे आपला पाळक, नेमला असता. पॅरिशमध्ये रेक्टर निवडते ती वेस्ट्री, म्हणजे चर्चची कार्यकारिणी. शोध समिती नुसती नावं सुचवते, मंडळी मतदान करत नाही. बिशप बदलीचं पत्र काढत नाहीत, पण त्यांना डावलूनही चालत नाही : निवडीआधी नाव त्यांना कळवायचं आणि मत द्यायला ६० दिवसांपर्यंत वेळ द्यायचा. म्हणजे तुमचं निवेदन चुकीच्या दारात जातंय.
आता २२ वर्षांचं. इतका काळ एकच माणूस असला की मंडळीला त्याच्या चपलांचा आवाजसुद्धा पाठ होतो. मागून लगेच येणाऱ्याची रोज तुलना होते आणि बिचारा दोन वर्षांत पळतो. म्हणून मध्ये इंटेरिम, म्हणजे तुमचे आत्ताचे तात्पुरते. त्याने खपल्या काढायच्या, हिशेब उघडायचे, वाईटपणा घ्यायचा आणि जायचं. स्वतः उमेदवार नसल्यामुळेच तो खरं बोलू शकतो. तुम्हाला ते आवडतात त्याचं एक कारण हेही असेल.

कोलंबसची_काकू
काकांचं सगळं पटत नाही. आमच्याकडे बिशपनी वेस्ट्रीशी बोलून 'प्रीस्ट-इन-चार्ज' (रेक्टर नसताना चर्च सांभाळणारे पाळक) नेमले. वर्षाने दोन्ही बाजूंना पटलं आणि वेस्ट्रीने त्यांनाच रेक्टर केलं. प्रोफाईल नाही, समिती नाही, डोनटही नाही. तो मार्ग आहे हे लोकांना सांगतच नाहीत.

वॉर्डनकाका
ताई, प्रीस्ट-इन-चार्ज वेगळा, इंटेरिम वेगळा. पाहुणा म्हणून बोलावलेल्याला जेवता जेवता जावई करून घेता येत नाही.

कोलंबसची_काकू
का नाही? आमच्या घरात झालंय.

मंडळाचा_माजी_सचिव
चर्च असो वा मंडळ, राजकारण तेच. आमच्या महाराष्ट्र मंडळात हंगामी अध्यक्ष म्हणून आलेले गृहस्थ चार गणपती बसवून गेले. घटना वाचा! पंधरा जणांची गणपूर्ती असते हे आमच्यात कोणालाच

मंडळाचा_माजी_सचिव
(आधीचा प्रतिसाद अर्धाच गेला, फोनवरून लिहितोय.) ...माहीत नव्हतं.

पेठेतला_पुणेरी
पंचहौदचं नाव निघालं म्हणून अवांतर : १८९० साली गोपाळराव जोशींनी तिथल्या मिशनमध्ये चहाचा घाट घातला आणि मागाहून सगळ्यांची नावं छापून आणली. न्यायमूर्ती रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. टिळकांनी चहा प्यायलाच नाही.

आंबेमोहोर
प्यायले होते. आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं त्यांनी सांगितलं होतं. न पिता प्रायश्चित्त कोण घेतं?

पेठेतला_पुणेरी
कप पुढे आला म्हणजे प्यायलं असं होत नाही.

गुरुवारपेठकर
दोघांनी कृपया नवीन धागा काढा. माझं माहेर त्या घंटेच्या आवाजात गेलं, पण आत्ता मला गुरुवारचं पडलंय. काकूंचा मार्ग मला चालेल. बिशपनी नुसतं नाव बदलून इंटेरिमचा प्रीस्ट-इन-चार्ज करायचा, झालं!

बॉयलरबळी
निवडीचं ज्याचं त्याने बघावं. मी प्रोफाईलवर बोलतो, कारण आमचं मी लिहिलं होतं आणि खोटं लिहिलं होतं. म्हणजे खोटं नाही, 'ऐतिहासिक वास्तू' असं लिहिलं. बॉयलर तीन वर्षं आजारी होता ते लिहिलं नाही. मुलाखतीला एक बाई जानेवारीत आल्या. दोन तास कोट घालून बसल्या, हातमोजे काढून फक्त चहाचा कप धरला. जाताना म्हणाल्या, "वास्तू खरंच ऐतिहासिक आहे." नकार चार दिवसांत.
तेव्हा रविवारी सरासरी किती माणसं येतात, वर्गणी किती, छप्पर कुठे गळतं, सरळ लिहा. पगाराचा आकडा टाकताना पेन्शन विसरू नका. पूर्णवेळ पाळक असेल तर पगार आणि घराचा भत्ता धरून त्यावर १८ टक्के चर्चने पेन्शन फंडात भरायचे असतात. आमच्या खजिनदारांना हे तिसऱ्या उमेदवाराच्या वेळी कळलं.

गुरुवारपेठकर
१८?? आमच्या कच्च्या बजेटमध्ये हा रकानाच नाही. थांबा, विचारते.

लुथरन_जावई
लुथरन पाळकही बघा. ईएलसीए (अमेरिकेतलं लुथरन चर्च) आणि एपिस्कोपल चर्चचा २००१ पासून करार आहे, एकमेकांचे पाळक चालतात. माझ्या सासऱ्यांचं चर्च चांगलं आहे, कॉफीही बरी असते.

गुरुवारपेठकर
अपडेट. वॉर्डनबाईंकडून करारपत्र मागून घेतलं. चौथ्या कलमात स्पष्ट आहे : ह्या पदावर असलेल्याला रेक्टरपदाचा उमेदवार होता येणार नाही. खाली तिघांच्या सह्या : वॉर्डन, बिशप आणि आमचे लाडके स्वतः.
मग धीर करून त्यांनाच गाठलं. कॉफीच्या वेळी, सिंकपाशी, ते कप विसळत होते. म्हटलं, तुम्हाला राहायला आवडेल का? ते हसले. म्हणाले, हे माझं सातवं चर्च आहे, आणि सहा ठिकाणी हाच प्रश्न कोणीतरी सिंकपाशीच विचारला. मग माझ्या हातात फडकं दिलं.
मला जरा रडू आलं, खोटं कशाला बोलू.

नगरी_नग
अंगठे घेऊन जायचे वाचले की ताई.

वॉर्डनकाका
वाईट वाटून घेऊ नका. आता गुरुवारी दोन गोष्टी करा. डायसिसच्या ट्रान्झिशन ऑफिसरला (पाळक बदलताना चर्चना मदत करणारा अधिकारी) समितीच्या मीटिंगला बोलवा, ते त्यांचं कामच आहे. आणि हे पाळक तुम्हाला का आवडतात ते प्रोफाईलमध्ये लिहा. "मुलं स्वतःहून येतात" हे वाक्य आठ पानांपेक्षा जास्त सांगतं.

कोलंबसची_काकू
आणि समितीत फक्त जुनी खोडं घेऊ नका. तरी मी म्हणते, आमचाच मार्ग बरा होता.

गुरुवारपेठकर
काकू, कलम चार. काका, ऑफिसरबाईंना ईमेल केलं, त्या झूमवर येणार आहेत. बूटांचं वाक्य टाकलं पहिल्या पानावर, छप्पर तिसऱ्यावर. १८ टक्क्यांवर खजिनदार अजून गप्प आहेत.
@बॉयलरबळी, तुमचं जुनं प्रोफाईल मिळेल का? खरं-खोटं कसलंही चालेल, मांडणी बघायचीय.

पेठेतला_पुणेरी
नवीन धागा काढला आहे : 'टिळक चहा प्यायले होते का?' इथले प्रतिसाद तिकडे हलवावेत.