सोप्याच्या वाशांना भुंग्यांनी भोकं पाडलीत, काय करावं?

प्रश्न (शिवाजी पेठ): जुनं कौलारू घर आहे, सोप्याचे (ओसरीचे) वासे बिनरंगाचे. बोटाएवढी गोल भोकं, खाली भुशाचा ढीग, भिंतीवर पिवळे ओघळ. भुंगे तोंडासमोर येऊन थांबतात. घरात लहान मुलं आहेत. औषध मारावं का? पावसाआधी भोकं बुजवायची आहेत.

उत्तर (राजारामपुरी): औषध मारू नका. तोंडासमोर थांबतो तो बहुधा नर, त्याला नांगीच नसते. एका जातीत मादीची छाती पिवळी, बाकी अंग काळं, आणि नर सगळाच सोनेरी. दुसऱ्या जातींत दोघंही काळेच, म्हणून रंगावर भरवसा नको. मादी डसू शकते, पण मुठीत धरली किंवा अंगाखाली चिरडली तरच. मुलांना एवढंच सांगा, भोकात काडी घालायची नाही.

भुंगा लाकूड खात नाही, फक्त कोरतो. सेंटीमीटरभर रुंदीचं भोक थोडं आत जाऊन लाकडाच्या रेषेबरोबर वळतं. आत परागाचा गोळा, त्यावर अंडं, मग भुशाची भिंत, असे कप्पे ओळीनं. ते पिवळे ओघळ म्हणजे त्यांची विष्ठा.

उत्तर (कळंबा): बुजवण्याची घाई अंगाशी येते. आत पिल्लं असली तर ती बाजूनं नवं भोक पाडून बाहेर येतात. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. तोंडावर पातळ कागद चिकटवा. फाटला तर बिळात वर्दळ आहे. दोन महिने जसाच्या तसा राहिला तर तारेनं साफ करून सागवानी खुंटी लाकडाच्या डिंकात बुडवून ठोका. नुसती पुट्टी नको, पावसात लाकूड फुगतं आणि ती निखळते. मग पॉलिश पेपर मारून ऑइल पेंटचे दोन हात. खरं काम रंगच करतो, कोऱ्या लाकडावरच ते नव्यानं बसतात. आधी स्क्रू ड्रायव्हरनं वासा टोचून बघा. सहज आत गेला तर सुताराला दाखवा, कारण तेच बीळ वर्षानुवर्षं वाढवत नेतात.

उत्तर (फुलेवाडी): त्यांना पर्यायही द्या. वाळलेल्या कळकाचे (बांबूचे) फूटभर तुकडे, एका टोकाला गाठ, आतली पोकळी दीड सेंटीमीटर, पाऊस लागणार नाही अशा जागी आडवे बांधा. वांगी, टोमॅटोचे पराग फुलाला थरथरवून सोडवावे लागतात, ते हा भुंगा नेमकं करतो. रुईच्या फुलांनाही मुख्यतः तोच लागतो. रात्री दिव्याजवळ दिसला तरी घाबरू नका, सह्याद्रीत एक जात अमावस्येच्या अंधारातही फुलांवर फिरते.

प्रश्न (शिवाजी पेठ): आजच कागद लावतो. सहापैकी दोन भोकांभोवती ताजा भुसा आहे, ती शेवटी घेईन.