चिखलफेकीचा प्रचार आणि नव्या मतदारांच्या अपेक्षा : आपले अनुभव लिहावेत

गेल्या निवडणुकीत माझ्या मुलीने पहिल्यांदा मतदान केले. आदल्या रात्री तिने विचारले, "बाबा, कोण किती वाईट आहे हे सगळ्यांनी सांगून झाले, निवडून आल्यावर कोण काय करणार आहे, ते कुठे वाचायचे?" मला उत्तर सुचले नाही, म्हणून हा धागा. प्रतिस्पर्ध्यावरची प्रत्येक टीका म्हणजे चिखलफेक नव्हे. निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेनुसार धोरणे, कार्यक्रम आणि पूर्वीची कामगिरी यांवर टीका करता येते. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेले खासगी आयुष्य मात्र टीकेसाठी वर्ज्य आहे. ही मर्यादा ओलांडली जाताना आपण काय पाहिले आणि तरुणांना नेत्यांकडून नेमके काय हवे आहे, हे स्वानुभवातून लिहावे. पक्षांची व उमेदवारांची नावे कृपया टाळावीत.

प्रचारकक्षात काम केलेला

एका उमेदवाराच्या समाजमाध्यम कक्षात मी दीड महिना पगारी काम केले. पाणीयोजनेवर आम्ही तीन दिवस खपून तयार केलेली चित्रफीत कोणी फारशी पाहिली नाही. त्याच आठवड्यात विरोधी उमेदवाराच्या भाषणाचा एक तुकडा आमच्या हाती आला. मूळ वाक्य होते, "शेतकऱ्याला अनुदानाची गरज नाही, असे म्हणणे चूक आहे." आम्ही शेवटचे चार शब्द कापले. दुपारपर्यंत ती फीत मतदारसंघातल्या बहुतेक गटांत पोहोचली होती आणि कक्षात पेढे वाटले गेले. आमच्यातला सर्वांत लहान मुलगा १९ वर्षांचा होता. संध्याकाळी त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. "दादा, हे माझ्या आजोबांनी मलाच पाठवले आहे. खाली लिहिले आहे, बघ, कसला माणूस उभा आहे." दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी शेवटपर्यंत राहिलो, कारण पैसे अखेरीस मिळणार होते. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण धाग्याचा विषय तोच आहे.

पहिल्यांदा मतदान केलेली विद्यार्थिनी

आमच्या भागातील सभांमध्ये एका उमेदवाराच्या घटस्फोटावर इतके बोलले गेले की, तपशील मला पाठ झाले होते. नंतर कुतूहलाने मी आयोगाच्या संकेतस्थळावर त्याचे शपथपत्र उघडले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला प्रलंबित गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर करावे लागते, हे तेव्हाच समजले. त्यात फसवणुकीचा एक प्रलंबित खटला नोंदलेला होता आणि त्याचा उल्लेख त्याच्या एकाही विरोधकाने केला नव्हता. बहुधा प्रत्येकाच्याच शपथपत्रात काही ना काही असावे. मला 'स्वच्छ' नेता नको आहे, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारा हवा आहे.

वकील

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याविषयी खोटे विधान प्रसिद्ध करणे हे भ्रष्ट आचरण ठरते आणि त्यावरून निवड रद्द होऊ शकते. व्यवहारात मात्र निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. विधान खोटे होते, ते करणाऱ्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता आणि ते उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्याने केले होते, हे सिद्ध करावे लागते. निनावी संदेशाच्या बाबतीत गाडी या शेवटच्या मुद्द्यावरच अडते. माझ्याकडे आलेल्या दोन पक्षकारांना मी याचिका न करण्याचा सल्ला दिला होता.

१९८९ चा नवमतदार

६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आणि त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत मी १९ व्या वर्षी मत दिले. तेव्हाही भिंतींवर अर्वाच्य लिहिले जाई. पण भिंत कोणी रंगवली हे गल्लीला ठाऊक असे आणि त्याच्या वडिलांकडे तक्रार करता येई.

महाविद्यालयीन प्राध्यापक

वर्गात मी प्रत्येकाला उमेदवारासाठी एकच प्रश्न लिहायला सांगितले. रखडलेली नोकरभरती आणि वसतिगृह हे विषय पुन्हा पुन्हा आले, विरोधकाविषयी कोणीच काही विचारले नव्हते. "मागच्या वेळचे कोणते आश्वासन पाळता आले नाही आणि का?" हा एका मुलीचा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःहून सर्व उमेदवारांना पत्राने पाठवला. एकाच उमेदवाराने उत्तर दिले, तेही अर्ध्या पानाचे : जागेचा वाद मिटलाच नाही आणि तो मिटण्यापूर्वी घोषणा करणे ही माझी घाई होती. मुलांनी त्या पानाच्या प्रती काढून वाटल्या. तरुणांचे फार कौतुकही करू नये. हीच मुले तासाला मागच्या बाकावर नेत्यांची टिंगल करणारी चित्रे एकमेकांना पाठवत असतात.

उमेदवाराची मुलगी

आई स्थानिक निवडणुकीला उभी होती. जाहीर प्रचार संपला त्या रात्री तिच्या चारित्र्याविषयी एक संदेश फिरला. सभा घेता येत नव्हती, पत्रक काढता येत नव्हते, आणि खुलासा करायचा तर ज्यांनी वाचले नव्हते त्यांनाही तो मजकूर कळला असता. मतदानाच्या दिवशी ती केंद्राबाहेर नेहमीच्याच साडीत उभी होती. ओळखीच्या बायका मान खाली घालून आत जात होत्या. ती थोड्या मतांनी पडली. वकीलसाहेबांनी लिहिला तसाच, याचिका न करण्याचा सल्ला आम्हालाही देण्यात आला. यंदा तिला पुन्हा विचारणा झाली आहे. मी हो म्हण म्हणते, भाऊ नको म्हणतो, आणि आई अजून काहीच बोललेली नाही.