मदत हवी आहे : नाताळचे फज यंदा लागोपाठ दोनदा बिघडले, चूक कुठे होत असावी?

सांजवात, ७ डिसेंबर

नमस्कार. गेली सहा वर्षे मी नाताळाच्या सुमारास घरी चॉकलेट फज करते आणि शेजारी, मुलांच्या शिक्षिका व कार्यालयातील सहकारी यांना छोट्या डब्यांतून देते. आजवर ते एकदाही बिघडले नव्हते. यंदा मात्र दोन खेपा वाया गेल्या असून, साहित्य, पातेले, थर्मामीटर आणि कृती यांपैकी काहीही बदललेले नसताना असे का व्हावे, हे मला उमगत नाही.

माझे प्रमाण असे आहे : ३ कप साखर, दोन तृतीयांश कप कोको, दीड कप सायीचे दूध, चिमूटभर मीठ, पाव कप लोणी आणि चमचाभर व्हॅनिला. साखर, कोको, मीठ आणि दूध एकत्र करून उकळी फुटेपर्यंत ढवळते आणि त्यानंतर ढवळणे पूर्ण थांबवते. मिश्रण २३६ अंशांवर आले की (येथील सर्व अंश फॅरनहाइटमध्ये आहेत) पातेले खाली उतरवून लोणी आणि व्हॅनिला नुसते वर सोडते आणि हात न लावता ११० अंशांपर्यंत निवू देते. मग लाकडी कालथ्याने घोटते आणि चकाकी गेली की तूप लावलेल्या ८ इंची चौकोनी साच्यात ओतते.

पहिल्या खेपेला घोटायला घेतल्यावर मिनिटभरातच मिश्रण पातेल्यातच दगडासारखे आळले. कसेबसे खरवडून साच्यात थापले, पण वड्या पाडताना त्यांचा भुगा झाला आणि जिभेला साखर रवाळ लागत होती. दुसऱ्या वेळी घाबरून २२० अंशांवरच उतरवले, तर अर्धा तास घोटूनही ते श्रीखंडाच्या पुढे गेले नाही. अजून ते फ्रिजमध्ये वाडग्यात आहे आणि मुले चमच्याने खात आहेत.

मार्शमॅलो घालून केलेले फज बिघडत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु सासूबाई पुण्याहून आल्या आहेत. मार्शमॅलोच्या गोळ्यांत जिलेटिन असते आणि बरणीतल्या मार्शमॅलो क्रीममध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, त्यामुळे ते दोन्ही आमच्याकडे चालणार नाही. कृपया जुन्या पद्धतीच्या फजपुरतेच मार्गदर्शन करावे. आम्ही जुलैत न्यू जर्सीहून डेन्व्हरला आलो, येथे गॅसऐवजी विजेची शेगडी आहे. तिचा दोष असू शकेल का?

चमचाभर, ७ डिसेंबर

एवढा खटाटोप कशासाठी? कन्डेन्स्ड मिल्कचा १४ औंसांचा एक डबा आणि ३ कप चॉकलेट चिप्स मंद आचेवर वितळवा, साच्यात ओता आणि फ्रिजमध्ये ठेवा. त्यात पाकच नसल्यामुळे बिघडण्यासारखे काही उरत नाही, शिवाय अंडे आणि जिलेटिन हा प्रश्नही मिटतो. चिप्सच्या वेष्टनावरील घटक तेवढे वाचून घ्यावेत.

सांजवात, ७ डिसेंबर

धन्यवाद. मुलांसाठी मी तसे करतेही. पण ते घट्ट झालेले चॉकलेट असते आणि दाताखाली तसेच लागते. फज तोंडात टाकल्यावर आधी वडीसारखे तुटते आणि मग विरघळते, तो पोत साखरेच्या बारीक कणांमुळे येतो. मला तोच हवा आहे.

मंद_आच, ७ डिसेंबर

शेगडीपेक्षा मला थर्मामीटरचा संशय येतो. सामानाच्या हलवाहलवीत त्याला धक्का बसला असेल. एका पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या आणि त्यात थर्मामीटर तळाला न टेकवता धरा. २१२ दाखवायला हवे.

दुसरे म्हणजे, रवाळपणाचे कारण बहुधा पातेल्याच्या कडेला असते. उकळताना कडांवर पाकाचे शिंतोडे उडून सुकतात, त्यांतला एखादा कण खाली पडला की त्याच्याभोवती साखर धरू लागते. खडीसाखर करताना दोरा सोडतात तो याचसाठी, फक्त येथे आपल्याला ते नको असते. उकळी फुटल्यावर दोनतीन मिनिटे पातेल्यावर झाकण ठेवा, म्हणजे वाफेचे पाणी कडांवरून ओघळून त्या धुतल्या जातात. साच्यात ओततानाही पातेले खरवडू नये. राहिलेले खरवडण करणाऱ्याच्या वाट्याचे.

सांजवात, ८ डिसेंबर

आज पाणी उकळून पाहिले. थर्मामीटर २०३ दाखवतो! पाणी अगदी खळखळत होते, पाच मिनिटे थांबले, तरी काटा पुढे सरकला नाही. म्हणजे तो नऊ अंश कमी दाखवतो आहे, असेच ना? नवीन मागवते.

जुनी_कढई, ८ डिसेंबर

कृपया मागवू नका. तुमचा थर्मामीटर उत्तम आहे. तुम्ही डेन्व्हरला राहता, हेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट, म्हणजे बरोबर एक मैल उंचीवर आहे. तेथील कॅपिटॉल इमारतीच्या पायऱ्यांवर तशी खूणही आहे, सासूबाईंना अवश्य दाखवून आणा. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी २१२ ऐवजी सुमारे २०३ अंशांनाच उकळते. महाबळेश्वरलाही जवळजवळ असेच घडते, तेथे डाळ शिजायला वेळ लागतो तो यामुळेच.

आता पाकाकडे येऊ. आपण पाक उकळतो तेव्हा त्यातले पाणी उडत जाते, साखरेचे प्रमाण वाढत जाते आणि त्या प्रमाणात उकळण्याचे तापमान चढत जाते. थर्मामीटर लावायचा तो पाकात पाणी किती उरले आहे हे ओळखण्यासाठी, तापमान हा त्याचा केवळ पुरावा. न्यू जर्सीत २३६ अंशांना पाकात जेवढे पाणी उरत असे, तेवढे डेन्व्हरमध्ये साधारण २२७ अंशांनाच उरते. तुम्ही २३६ पर्यंत थांबलात, म्हणजे तिकडच्या हिशोबाने पाक २४५ पर्यंत नेलात. तो मऊ गोळीच्या पुढे जाऊन कडक गोळीवर आला होता. त्यात पाणी इतके कमी होते की कालथा लागताच सगळी साखर एकदम धरली. दुसऱ्या वेळी २२० म्हणजे तिकडचे २२९ झाले. तो पाक अजून तारेवरच होता, मग वडी कशी पडणार?

उंचीच्या दर हजार फुटांमागे दोन अंश वजा करावेत, असा ठोकताळा आहे. त्याने तुमचे उत्तर सुमारे साडेदहा अंश कमी असे येते, तर पाण्याच्या चाचणीने नऊ. मी पाण्यावर विश्वास ठेवेन, कारण हवेचा दाब रोज थोडा बदलतो आणि त्या दिवशीचे पाणी त्या दिवशीचा दाब सांगते. ज्या दिवशी फज करायचे, त्याच दिवशी आधी पाणी उकळून पाहा आणि ते २१२ पेक्षा जितके कमी भरेल तितके २३६ मधून वजा करा. निवण्याचे ११० अंश मात्र तसेच ठेवा, त्याचा उकळीशी संबंध नाही.

आणि एक सुचवतो. वाटीत गार पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाकून पाहायची आपल्याकडची रीत सासूबाईंना निश्चित ठाऊक असेल. थेंब पाण्यात बोटांनी गोळा करता आला, पण बाहेर काढल्यावर बोटावर बसका झाला, तर फजसाठी पाक तयार आहे. गोळी टणक राहिली, तर पाक पुढे गेला. ही परीक्षा पनवेलला करा किंवा डेन्व्हरला, सारखीच लागू पडते. थेंब पाहत असताना पातेले शेगडीवरून बाजूला ठेवावे, कारण विजेच्या शेगडीची तबकडी बंद केल्यावरही तापलेली राहते आणि तेवढ्यात दोन अंश चढतात. तुमच्या शेगडीचा दोष असलाच तर एवढाच.

सांजवात, ८ डिसेंबर

मी हे वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी म्हणत होते, गोळी होतेय, उतरव. तू म्हणालीस, काटा अजून यायचाय." त्या खरोखरच तसे म्हणाल्या होत्या आणि मी ऐकले नव्हते, हे येथे नमूद करणे भाग आहे.

एक शंका आहे. ११० अंशांपर्यंत निवायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. गरम असतानाच घोटले तर बिघडते का? सासूबाई नारळाच्या वड्या गरमच घोटून थापतात.

मंद_आच, ८ डिसेंबर

बिघडते. पाक गरम असताना ढवळला तर साखरेचे थोडेच कण धरतात आणि तेच मोठे होत जातात. तो निवल्यावर घोटला तर एकाच वेळी असंख्य कण धरतात, त्यामुळे प्रत्येक कण इतका बारीक राहतो की जिभेला जाणवत नाही. नारळाच्या वडीला खोबऱ्याचा स्वतःचा पोत असतो आणि ती थोडी रवाळ झालेली कोणाला खटकत नाही.

पाण्याविषयी माझा अंदाज चुकला, हे मान्य. मी मुंबईत बसून सल्ला देत होतो.

तळ्याकाठी, ९ डिसेंबर

मी मिशिगनमध्ये राहते. आमच्या मॅकिनॅक बेटावर फजची इतकी दुकाने आहेत की पर्यटकांना स्थानिक लोक 'फजी' म्हणतात. तेथे तांब्याच्या मोठ्या कढईतला पाक थेट संगमरवरी ओट्यावर ओततात आणि लांब दांड्याच्या उलथन्यांनी तो कडेकडेने उचलून मध्यावर दुमडत राहतात. संगमरवर उष्णता झटकन ओढून घेतो, म्हणून त्यांना पातेल्यात तासभर थांबावे लागत नाही. हे वाचून कोणी स्वयंपाकघरातील ग्रॅनाइटवर प्रयोग करू नये. मी केला होता. त्यांच्या ओट्याला कडेने पट्ट्या लावलेल्या असतात, माझ्या ओट्याला नव्हत्या आणि पाक सरळ खणात उतरला.

थर्मामीटरशिवायही फज होत असे, याची साक्ष जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसार महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने १८८८ मध्ये महाविद्यालयातील लिलावासाठी ३० पौंड फज केल्याचे तिच्याच पत्रात लिहून ठेवले आहे.

सांजवात, तुमच्या शहराशीही फजचा एक धागा जुळतो. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी डेन्व्हरमध्ये वाढल्या आणि त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या फजमध्ये पाक तापमान न पाहता सहा मिनिटे उकळायचा असतो. पण त्यात मार्शमॅलो क्रीम आहे, म्हणून तुमच्या उपयोगाचे नाही.

चमचाभर, ९ डिसेंबर

वाया गेलेल्या दोन खेपांचे काय करणार? टाकू नका. भुगा झालेला असो की पातळ राहिलेला, तो वितळवून पाक पुन्हा चढवता येतो.

जुनी_कढई, ९ डिसेंबर

बरोबर आहे. भुगा पातेल्यात घेऊन त्यात सव्वा कप पाणी घाला आणि साखरेचा शेवटचा कण विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळा, मग नेहमीप्रमाणे उकळा. मिश्रण आता पाण्याचे असल्यामुळे वेळ अधिक लागेल आणि चव किंचित करपट गोड होईल, पण वडी पडेल. पुन्हा रवाळ होण्याची धास्ती वाटत असेल, तर दोन चमचे कॉर्न सिरप घाला. त्यातील ग्लुकोज साखरेच्या कणांना एकमेकांशी जुळू देत नाही. त्याहून जास्त घालू नका, नाहीतर ते कधीच धरणार नाही.

सांजवात, १३ डिसेंबर

आज शनिवार असल्यामुळे सकाळी निवांत बसलो. आधी पाणी उकळले, ते पुन्हा २०३ वरच थांबले. म्हणून २२७ हे लक्ष्य ठरवले. उकळी फुटल्यावर तीन मिनिटे झाकण ठेवले. २२४ पासून सासूबाई वाटी घेऊन शेजारी उभ्या होत्या. २२५ ला थेंब पाण्यात पसरला, २२६ ला गोळा झाला पण बोटाला चिकटला, आणि २२७ ला त्यांनी गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली, ती तेथे हळूहळू बसली. काटा आणि वाटी यांचे इतके तंतोतंत जुळेल, असे आम्हा दोघींनाही वाटले नव्हते.

११० पर्यंत निवायला पन्नास मिनिटे लागली. मग दोघींनी आळीपाळीने घोटले. पहिली दहा मिनिटे काहीच घडत नव्हते आणि मी धीर सोडत होते. तेराव्या मिनिटाला कालथा जड झाला, रंग थोडा फिकटला आणि कालथ्याची रेघ तशीच राहू लागली. चकाकी पूर्ण जाण्याच्या जरा आधीच ओतले, कारण मागच्या वेळी तेवढ्या एका क्षणात ते पातेल्यात अडकले होते. दोन तासांनी ६४ वड्या पडल्या, कडा सुरीने कापल्यासारख्या स्वच्छ, आणि जिभेवर एकही कण नाही.

भुग्याची खेप दुपारी सव्वा कप पाणी घालून चढवली. तीही लागली, फक्त थोडी चिवट आहे. सासूबाईंना तीच अधिक आवडली.

दोन लहान प्रश्न राहिले. अक्रोड नेमके केव्हा घालावेत? आणि येथील हवा इतकी कोरडी आहे की सकाळी कापलेल्या वड्यांच्या कडा संध्याकाळीच पांढुरक्या दिसू लागल्या. २४ तारखेपर्यंत कशा टिकवाव्यात?

जुनी_कढई, १३ डिसेंबर

अक्रोड कालथा जड झाल्यावर, ओतण्याआधी शेवटच्या अर्ध्या मिनिटात घालावेत आणि ते आधी ओव्हनमध्ये जरा गरम करून घ्यावेत. गार अक्रोडांनी मिश्रण जागीच आळते.

वड्या इतक्या आधी पाडू नका. साच्यातील अखंड लादी मेणकागदात आणि वरून प्लॅस्टिकच्या आवरणात घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको. २३ तारखेला रात्री कापा. ज्या कापून झाल्या आहेत, त्या एकमेकींना चिकटवून, मध्ये मेणकागद घालून त्याच डब्यात ठेवा. पांढुरक्या झालेल्या कडांना काही अपाय नाही, त्या वड्या घरी संपवाव्यात.

सांजवात, १३ डिसेंबर

त्यांपैकी अकरा संपल्या आहेत. दुसरी लादी पुढच्या शनिवारी करते, या वेळी अक्रोड घालून.