महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर पोलिसांनी थांबवलं तर सायकलची पॅनिअर (कॅरिअरला अडकवायची पिशवी) उघडावी की आधी कारण विचारावं?

निपाणीकर:
उघडावी. कोगनोळी असो, शिनोळी असो की गोव्याला जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या वाटेवरचं कणकुंबी, पोलिसांनी हात दाखवला की उतरायचं, सायकल कडेला लावायची, गॉगल काढायचा. सामान भरतानाच याचा विचार करा. आधारची झेरॉक्स हँडलच्या पिशवीत सगळ्यात वर. सुरी आणि गॅसचा डबा भांड्यांबरोबर, म्हणजे स्वयंपाकाचं सामान आहे हे बघताक्षणी कळतं. तीच सुरी चार्जरच्या वायरींत गुंतलेली निघाली की प्रश्न सुरू. पहिलं वाक्य कन्नडमध्ये बोला: 'नमस्कार री सर, धारवाडक्क होंटेन्री' (नमस्कार सर, धारवाडला निघालोय). पुढं हिंदी-मराठी चालतं.

खानापूरची वाट:
नाही पटलं. सायकल मोटार वाहन नाही. तिला लायसन, आरसी, विमा काही लागत नाही. कुणी दंड मागितला तर कुठल्या कलमाखाली, हे विचारायलाच हवं, आणि पावतीही. झडतीचंही तेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण व्हायला हवं. बाईची झडती बाईनंच घ्यायची. अटक केली तर कारण सांगायचं आणि नातेवाइकाला कळवायचं. हे आवाज न चढवता विचारता येतं.

निपाणीकर:
विचारा की, पण जागा बघून. कणकुंबीकडं शोधतात ती गोव्याची दारू. कर्नाटक अबकारी कायद्यानं, १९६५ च्या, अबकारी अधिकाऱ्यांना झडतीचे स्वतःचे अधिकार आहेत. परवान्याशिवाय बाटली घेऊन घाट चढणाऱ्याला कलम १०५ वाचवणार नाही.

कॅम्पातला सायकलवाला:
अहो, दोघंही पिशवीवरच अडलात. बेळगावात खरी अडचण कॅमेऱ्याची. कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, सांबऱ्याला वायुसेनेचं ठाणं. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असेल तर थांबवणारच, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. कॅम्पात शिरण्याआधी तो काढून पिशवीत टाका, नुसता बंद करून भागत नाही. दुसरं म्हणजे तारीख. १ नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आपला, सीमाभागातल्या मराठी माणसांचा, निषेधाचा काळा दिन; डिसेंबरात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. तेव्हा बंदोबस्त कडक असतो. त्या दिवसांत पॅनिअरवरचा भगवा झेंडा काढून ठेवा.

खानापूरची वाट:
झेंडा काढणार नाही. तो लावणं गुन्हा नाही, आणि या मातीत मराठी परकी नाही. त्यापेक्षा वाट बदलावी. कोल्हापूरहून गोव्याला जाणाऱ्यानं निपाणी टाळून गारगोटी, आजरा, आंबोली धरावं. आंबोलीपर्यंतचा सगळा रस्ता महाराष्ट्रातून आहे.

निपाणीकर:
आंबोली मान्य. पण धारवाडला जाणाऱ्याला हायवे चुकत नाही. त्यानं अधिवेशन उठू द्यावं, मग निघावं. आणि नाक्यावर फारच अंगाशी आलं तर ११२ दोन्ही राज्यांत लागतो.