एचटीटीपीतील ४०२ आणि सेट: देयकाच्या खुल्या पद्धती का रुजल्या नाहीत?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
नमस्कार. आमच्या माहेश्वरी साड्यांच्या संकेतस्थळाचे काम करताना लक्षात आले, की ‘पान सापडले नाही’ असे सांगणाऱ्या ४०४ च्या यादीतच ‘पैसे भरणे आवश्यक’ असा ४०२ हा संकेतही आहे. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये (ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील संवादाच्या नियमांमध्ये) तो पुढील वापरासाठी राखून ठेवला होता आणि आजही तो राखीवच आहे. त्याच वर्षी व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी इंटरनेटवर कार्डाने पैसे भरण्याची सेट ही खुली पद्धत प्रसिद्ध केली, तीही मागे पडली. याचे कारण कोणी सविस्तर सांगू शकेल काय?

उत्तर १
४०२ चा केवळ क्रमांक राखला गेला. रक्कम किती आणि ती कोणाकडे भरायची, हे ब्राउझरला कसे कळवायचे ते तिथे लिहिलेच नव्हते. सेटचे तसे नव्हते. तिच्यात मागणी आणि कार्डाचा तपशील वेगळे ठेवून, दोन्हींचे हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेले छोटे ठसे) जोडून त्यांवर गिऱ्हाइकाची एकच डिजिटल सही होत असे. कार्डाचा तपशील बँकेच्या किल्लीने बंद असल्याने दुकानदार तो न वाचता पुढे पाठवी, बँकेला कोणती साडी घेतली हे कळत नसे, आणि तरीही दोन्ही भाग एकाच व्यवहाराचे आहेत याची खात्री दोघांनाही करून घेता येत असे. ही रचना मला आजही फार सुंदर वाटते. परंतु त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाने संगणकावर वॉलेट नावाचे सॉफ्टवेअर बसवून स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र (ओळख पटवणारा दाखला) घ्यायचे होते. नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या एसएसएलमध्ये, म्हणजे वाटेतला मजकूर सांकेतिक करणाऱ्या पद्धतीत, प्रमाणपत्र एकट्या दुकानदाराने घेतले की भागत असे.

उत्तर २ (सराफा)
वरील मताशी मी सहमत आहे. आमच्या घरी आजोबांच्या पेढीवरची एक दर्शनी हुंडी (दाखवताच पैसे मिळण्याची जुनी व्यापारी चिठ्ठी) जपून ठेवलेली आहे. तिच्यावर रक्कम आकड्यांत आहे, अक्षरांत आहे, शिवाय ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ अशीही लिहिली आहे, म्हणजे खाडाखोड केली तर ती लगेच उघडी पडावी. हुंडीचा हा मजकूर कोणा एका पेढीच्या मालकीचा नव्हता, तो सर्वांना खुला होता. पण ती पारखण्याचे काम पेढीचे होते, हुंडी आणणाऱ्याने केवळ ती दाखवायची. सेटने नेमका हाच भार गिऱ्हाइकावर टाकला.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग एसएसएलमध्ये कार्डाचा क्रमांक दुकानदाराच्या हाती पडतोच ना?

उत्तर १
पडतो, कारण एसएसएल केवळ वाटेतली चोरी टाळते. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना कार्डाचे क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई केली आणि त्यांच्या जागी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजी वापरायचा पर्यायी संकेत, आले. आपल्या संकेतस्थळाच्या जुन्या नोंदींमध्ये असे क्रमांक राहिले असतील, तर ते आधी पुसून टाकावेत.